कुंदावहिनींची चौऱ्याऐंशी पार्सलं

माणूस देवापुढे खोटं बोलेल, कोर्टात बोलेल, बायकोशी तर बोलेलच. पण आपल्या करसल्लागाराशी तो कधीही खोटं बोलत नाही. चाळीस वर्षांच्या व्यवसायाचं सार म्हणून हे वाक्य मी रत्नागिरीतल्या एका सत्कारसमारंभात, शालीखाली घाम पुसत उच्चारलं होतं. जोरदार टाळ्या पडल्या. समोरच्या पहिल्या दोन रांगांत माझे अकरा पक्षकार बसले होते आणि सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांच्याच होत्या.

आमचा धंदा आकड्यांचा आहे असं बाहेरच्यांना वाटतं. आकडेमोड आता यंत्र करतं. आमचं काम एवढंच, की समोरच्याला विचारायचं, हे पैसे कुठून आले? आणि तो जे सांगेल ते ऐकताना चेहऱ्यावरची रेषा हलू द्यायची नाही. कोकणात या प्रश्नाला एक सर्वमान्य उत्तर आहे: आंब्याचे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. माझ्या एका डॉक्टर पक्षकाराच्या नावावर हापूसची नऊ कलमं होती. त्यांनी लिहून आणलेलं उत्पन्न मी नवाने भागलं आणि म्हटलं, "डॉक्टर, एकेका कलमाला बारा हजार आंबे लागलेत."

"मोहर चांगला होता यंदा," ते म्हणाले.

पण आजचा विषय आंब्याचा नाही. गेल्या काही वर्षांत लोक घरातल्या जुन्या वस्तू मोबाइलवरून विकू लागले आणि आमच्या टेबलावर एक नवीन प्रकारचा माणूस येऊन बसू लागला. त्याच्यासाठी कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो. दोनच वाक्यं आहेत. घरात स्वतःच्या वापरासाठी घेतलेली वस्तू, म्हणजे कपाट, सायकल, भांडीकुंडी, विकली तर त्या पैशांवर कर नाही; दागिने, चित्रं, मूर्ती असल्या काही गोष्टी मात्र त्यातून वगळल्या आहेत. आणि विकण्यासाठीच वस्तू घेत असाल, तर तो धंदा. मग नफ्याचा हिशेब द्या.

इतकं सोपं असल्यामुळे कुणाला ते पटत नाही. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यातला तरुण इंजिनिअर बदली झाल्यावर आपली मोटारसायकल, फ्रिज आणि पलंग विकून माझ्याकडे आला होता. पावत्या, छायाचित्रं, सगळं फायलीत क्रमवार. मी सांगितलं, कर नाही.

"नक्की?"

"नक्की."

"मग कुठला फॉर्म भरू?"

"कुठलाच नको."

त्यानं फाइल पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. शेवटी उठताना म्हणाला, "दुसऱ्या कुणाला तरी विचारतो." आमच्या व्यवसायात कर सांगितला की विश्वास बसतो, कर नाही म्हटलं की संशय येतो.

दुसरा हातखंब्याचा. त्यानं वर्षभरात बेचाळीस मोबाइल विकले होते आणि सगळे 'स्वतःच्या वापरातले' म्हणून दाखवायचे होते.

"बेचाळीस?"

"वापरलेलेच होते हो साहेब. एकही नवा नव्हता."

"वापरले कुणी?"

"ज्याचे त्याने!"

त्याच्याशी मी वाद घातला नाही. धंद्याचं विवरणपत्र भरलं, फी घेतली. जाताना त्यानं मला एक मोबाइल दाखवला. चांगला होता. वापरलेला होता.

आता कुंदावहिनी. त्या आमच्या वाडीत आमच्यापासून चार घरं सोडून राहतात. यजमान बोटीवर होते. ते जाऊन सहा वर्षं झाली. मी त्यांच्या यजमानांचा मित्र, म्हणून त्या मला भावजी म्हणतात. मागल्या माघात एका दुपारी त्या घरी आल्या, पदराआडून एक कागद काढला आणि टेबलावर उलटा ठेवला. मी सरळ केला. आयकर खात्याची नोटीस होती. एका विक्रीच्या संकेतस्थळावरून तुम्हाला एका वर्षात सात लाख बारा हजार रुपये मिळाले आहेत, तुम्ही विवरणपत्र भरलेलं नाही, तर या रकमेचा खुलासा करावा.

"वहिनी, हे काय?"

"पितळ," त्या म्हणाल्या.

झालं होतं ते असं. यजमानांच्या मागे वहिनींनी त्यांची दुर्बीण, बोटीवरचा पितळी कंदील अशा दोन-चार गोष्टी मोबाइलवरून विकल्या. गिऱ्हाईक पुण्याचं, बंगळूरचं. कौतुक झालं ते मालापेक्षा बांधणीचं. वहिनींचं माहेर बागायतदारांचं. आंब्याच्या पेटीत पेंढा कसा लावायचा, मधे मोकळी जागा कशी राहू द्यायची नाही, हे त्यांच्या हातात आहे. त्यांनी कंदील हापूससारखा भरला. पोचला तेव्हा काचेवर ओरखडा नव्हता. गिऱ्हाइकानं पाच तारे दिले आणि पेंढा कशाचा म्हणून विचारलं.

हे शेजारी कळलं. मग एक शेजारीण आली, घरातली मोठी घागर विकायची आहे म्हणाली, पण कुणाला कळता कामा नये. इथे बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे माणूस जमीन विकतो, गाडी विकतो, बोट विकतो. त्याला व्यवहार म्हणतात. पण घरातलं भांडं विकलं की त्याला 'भांडी काढली' म्हणतात, आणि ते त्या घराबद्दल तीन पिढ्या बोललं जातं. त्या घागरीत कुणी पंधरा वर्षांत पाणी भरलेलं नव्हतं. मुलगा मुंबईला दोन खोल्यांत. तो घागर नेणार नाही. ती चिंचेनं घासायला गुडघे साथ देत नाहीत. तरीही ती घरात असणं म्हणजे घर उभं असणं. पैसे हवे होते मोतीबिंदूसाठी.

वहिनींनी घागर आपल्या नावावर विकली, आलेले पैसे रोख नेऊन दिले, वर पेंढा, सुतळी आणि चिकटपट्टीचे पन्नास रुपये घेतले. आणि देवघरातल्या नारळावर हात ठेवून शब्द दिला, की नाव कुणाला सांगणार नाही. मग दुसरी आली. मग तिसरा. प्रत्येकाला नारळावर हात. माल पोचवायची वेळ प्रत्येकानं आपापल्या डोक्यानं निवडली होती आणि ती एकच निघाली: दुपारी दोन ते चार. रत्नागिरीत या वेळात कुत्रंही भुंकत नाही. तेव्हा गोणपाटाखाली घंगाळ, तपेलं, समई घेऊन माणसं परसातल्या वाटेनं वहिनींच्या मागच्या दारी जात होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण सोडून अख्खी वाडी झोपली आहे. वर्षभरात चौऱ्याऐंशी पार्सलं गेली. अख्खी वाडी जागी होती.

वहिनींनी कुठेही काही लिहून ठेवलं नव्हतं. लिहिलं तर कुणी वाचेल, म्हणून. खात्याला एवढंच दिसत होतं, की सात लाख बारा हजार या बाईंना मिळाले. वर्षाला पाच लाखांच्या वर विक्री गेली की संकेतस्थळवाले विक्रेत्याच्या नावावर हजारामागे एक रुपया कर कापून सरकारात भरतात. तिथूनच ही बातमी दिल्लीपर्यंत पोचली होती.

मी वहिनींना समजावलं. "हे पैसे तुमचे नाहीत, आणि ज्यांचे आहेत त्यांनाही कर नाही, कारण घरची भांडी होती. कुणालाच एक पैसा भरायचा नाही. फक्त त्यांनी एका कागदावर लिहून द्यायचं, की अमुक वस्तू आमची, कुंदावहिनींच्या हस्ते विकली, पैसे मिळाले. नावं सांगा, मी कागद तयार करतो."

"नावं नाही सांगणार."

"वहिनी, खुलासा झाला नाही तर हे पैसे हिशेबाबाहेरचे धरतात. त्यावर साठ टक्के कर, त्यावर अधिभार, त्यावर उपकर. रुपयातले अठ्ठ्याहत्तर पैसे. साडेपाच लाख होतात."

त्यांनी थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजलं. "काजूची बाग जाईल," त्या म्हणाल्या. "तिचे तेवढे येतील."

"दुसऱ्यांच्या घागरींसाठी तुम्ही बाग विकणार?"

"जमीन विकली तर कुणी काही बोलत नाही, भावजी."

मी म्हटलं, निदान मोबाइलमधली छायाचित्रं दाखवा, मालाची यादी तरी करतो. वस्तू दाखवायला शपथ आड येत नव्हती. त्यांनी मोबाइल दिला. पडवीतल्या एकाच खुर्चीवर ठेवून काढलेली छायाचित्रं होती: घंगाळ, समयांची जोडी, अडकित्ता, पानाचा डबा, तांब्याचा बंब. मी एकेक नोंदवत चाललो होतो. सदतिसाव्या छायाचित्राशी थांबलो. खुर्चीवर कातडी बांधणीची जाडजूड पुस्तकं रचली होती. पाठीवर सोनेरी अक्षरं. आयकर कायद्यावरचे निवाड्यांचे खंड. सगळ्यांत वरच्या खंडावर माझ्या कार्यालयाची चिठ्ठी.

मी वर पाहिलं. वहिनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या.

"मी काही बोलले नाही हं, भावजी," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मी घरात विषय काढला. माझी बायको मंगल कोलंब्या सोलत होती.

"माझी पुस्तकं कुठायत?"

"कुठली?"

"कायद्याची. पोटमाळ्यावरची."

"अय्या, आज कशाला लागली?"

"लागली नाहीत. कुठायत?"

तिनं एक कोलंबी पूर्ण सोलली. "पुण्यातल्या एका हॉटेलात. भिंत सजवायला हवी होती त्यांना. फुटावर घेतात. तीन फूट झाली."

"फुटावर?"

"आत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. दीड वर्ष झालं. तुम्हीही नाही विचारलंत."

"आणि पैसे?"

"टाकीचं झाकण आलं. आणि तुमचा चष्मा." मग पुढची कोलंबी उचलत, "स्वच्छ दिसतंय ना त्यातून?"

ज्या खंडांच्या आधारे मी तीन अपिलं जिंकल्याचं आजवर सांगत आलो, ते दीड वर्ष घरात नव्हते आणि माझी प्रॅक्टिस व्यवस्थित चालू होती. ही माहिती मी अजून पूर्णपणे पचवलेली नाही. पण त्या रात्री जेवताना डोक्यात वेगळंच चाललं होतं. वहिनी नाव सांगू शकत नव्हत्या. ज्याचं त्यानं सांगितलं तर शपथ मोडत नव्हती. आणि वाडीत निदान एका विकणाऱ्याचं नाव मला आता ठाऊक होतं.

शिमग्याच्या तयारीची सभा आठ दिवसांनी देवळात होती. पालखी कुठल्या दिवशी कुणाच्या अंगणात, ढोल कुणाचे, वर्गणी किती, हे दरवर्षी तेच ठरतं आणि दरवर्षी त्यावर तीन तास भांडण होतं. त्यामुळे प्रत्येक घरातून कुणी ना कुणी येतंच. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. मधोमध आबा. आबा आमच्या वाडीचे मानकरी; पालखीला पहिला खांदा त्यांच्या घराचा. निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि अजूनही प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं बोलतात.

वर्गणीचं भांडण संपल्यावर मी उभा राहिलो. म्हटलं, मला एक कागद वाचायचा आहे. आणि वाचला: "मी, खाली सही करणार, असं लिहून देतो की माझ्या घरातील जुनी कायद्याची पुस्तकं, एकूण लांबी तीन फूट, ही माझ्या पत्नीने श्रीमती कुंदावहिनी यांच्या हस्ते विकली आणि त्याची संपूर्ण रक्कम आम्हाला मिळाली." सही केली. मग नोटिशीबद्दल सांगितलं, साडेपाच लाखांबद्दल सांगितलं, काजूच्या बागेबद्दल सांगितलं. अजून कुणाचं काही गेलं असेल तर त्यानं असाच कागद द्यावा; कर लागणार नाही, म्हटलं.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "टॅक्सवाल्यानं कायदाच विकलान!"

देऊळ हसलं. मी चाळीस वर्षांत इतकं परिणामकारक भाषण केलेलं नाही. हशा ओसरेना, तेव्हा आबा उठले. हात वर केला.

"हसण्याचा विषय नाही. पुस्तकं ही पुस्तकं आहेत. पण भांडी हे घराण्याचं वैभव आहे. आमच्या वाडीच्या इतिहासात कुणी भांडी काढलेली नाहीत. निदान आमच्या घरातून असलं काही गेलेलं नाही आणि..."

"अहो, खाली बसा," बायकांच्या बाजूनं आवाज आला. आबांच्या सौभाग्यवती. "घंगाळ गेलंय."

आबा उभेच राहिले. "कुठलं घंगाळ?"

"तुम्ही रोज ज्यात आंघोळ केल्याचं सांगता ते."

आता हसायलाही कुणाला धीर होईना. आबांनी एकदा बायकोकडे, एकदा देवाकडे पाहिलं. कुंदावहिनी कोपऱ्यात मान खाली घालून बसल्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले. अजूनही त्या शपथ पाळत होत्या.

"कितीला गेलं?" आबांनी विचारलं.

"नऊ हजार."

"नऊ?" आबा बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "बरा भाव आला." आणि माझ्यापुढे हात केला. "कागद द्या."

त्यानंतर एका घागरीचा मालक उभा राहिला. मग दोघे भाऊ एकदम उठले. दोघांनी एकाच घरातल्या समईच्या जोडीतली एकेक समई एकमेकांपासून लपवून विकली होती. त्यांचं भांडण देवळाबाहेर गेलं आणि तिथे दिवेलागणीपर्यंत चाललं. वर्गणीच्या वहीतली मागची पानं मी फाडून वाटली. देवळातून निघताना माझ्याकडे सतरा सह्या होत्या.

घरी येऊन यादी जुळवली. चौऱ्याऐंशी वस्तूंतल्या त्र्याऐंशी लागल्या. एक मोठा हंडा उरला. त्याच्यासाठी कुणी उभं राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वहिनींना विचारलं.

"तो माझाच लिहा," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तुमचा नाही तो. तुमच्याकडे एवढा हंडा कधीच नव्हता. मी तुमच्या घरी जेवलोय."

"मग आता होता म्हणून लिहा."

मी लिहिला. साडेसहा हजारांचा हंडा. माझ्या सहीखाली गेलेल्या कागदांत धडधडीत खोटं असं मला ठाऊक असलेलं हे एकच. डॉक्टरांच्या आंब्यांबद्दल मला निदान शंका तरी होती. तो कुणाचा हे मी पुन्हा विचारलं नाही. पालखीच्या दिवशी मात्र घरोघर फिरताना मी प्रत्येक स्वयंपाकघराच्या दाराशी जरा जास्त रेंगाळलो, हे कबूल करतो. एका घरात मला पाहून म्हातारीनं दार ओढून घेतलं. मी पुढे गेलो. त्या दारावर थाप मारून 'आजी, लाजायचं काही कारण नाही' असं म्हणायला हवं होतं, असं नंतर पुष्कळदा वाटलं. म्हटलं नाही. ती बाई पावसाळ्यात गेली.

खुलासा मी पाठवला: सतरा जणांचे जबाब, वस्तूंची यादी, छायाचित्रं, आणि वहिनींचं स्वतःचं उत्पन्न म्हणून पार्सलमागे पन्नास रुपये, एकूण चार हजार दोनशे. आता हे सगळं संगणकावरून जातं. वाचणारा अधिकारी कोण, कुठल्या गावी बसतो, हे आम्हाला कळत नाही आणि त्यालाही आम्ही कळत नाही. त्या आठवड्यांत वाडीत रोज कुणी ना कुणी मला अडवून विचारायचं, "काय, साहेब काय म्हणाले?" आबांचं तर ठाम मत होतं, की त्यांचा जबाब वाचून साहेब स्वतः चौकशीला येणार. त्यांनी साहेबांना सांगायच्या मुद्द्यांचं टिपणही काढून ठेवलं होतं. कुंदावहिनींनी काजूच्या बागेला कुंपण घालायचं काम थांबवून ठेवलं होतं. "दुसऱ्याच्या जमिनीला कशाला खर्च?" म्हणायच्या.

आदेश आला तो दीड पानाचा. मी तो छापून वहिनींच्या पडवीत नेला. आबाही आले, टिपण घेऊन. मी मराठीत करून सांगितलं: खुलासा पाहिला, तो मान्य आहे, हे प्रकरण पुढील कार्यवाहीस योग्य नाही.

"आमच्या जबाबाबद्दल?" आबांनी विचारलं.

"नाव कुणाचंच नाही. भांड्यांना 'वापरलेल्या घरगुती वस्तू' म्हटलंय."

"घंगाळ?"

"त्यातच आलं."

आबांनी टिपणाची घडी केली आणि खिशात घातली. कुंदावहिनी आत गेल्या, कोकमाचं सरबत घेऊन आल्या. मग कुंपणवाल्याला फोन लावला.

संकेतस्थळानं कापून सरकारात भरलेल्या कराचं काय, एवढंच मी निघताना वहिनींनी विचारलं. तो कर कुणीच देणं लागत नव्हता, त्यामुळे तो परत मिळायला हवा होता. रक्कम सातशे बारा रुपये. परतावा मागायची मुदत नोटीस येण्याआधी, डिसेंबरातच संपली होती.